सासऱ्यांनी मला पळायला शिकवलं

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मामा माझ्याशी थेट कधी बोललेच नाहीत. काही सांगायचं असलं की आत्यांकडे बघून सांगायचे आणि आत्या घरात नसल्या तर बैलाकडे बघून. "उद्या कांद्याला पाणी हाय म्हणावं," असं बैलाला सांगून ते निघून जायचे. मी चुलीपाशी बसून ऐकायचे. बैलाचा कांद्याशी काही संबंध नव्हता, पण निरोप तो चोख पोचवायचा.

हा बैल शर्यतीचा. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्याचं वेड किती, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. गावाच्या यात्रेत चढावर आखलेली एक पट्टी असते, तिला घाट म्हणतात. त्यावरून चार बैलांचा गाडा सुटतो आणि बारा-तेरा सेकंदांत सगळं आटोपतं, त्या एका धावेला बारी म्हणतात. त्या बारा सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला पोटच्या पोरासारखं सांभाळतात. किंबहुना पोटच्या पोराला तितकं सांभाळत नाहीत.

आमचं गाव कळंबपासून आत, कॅनॉलच्या अंगाला. कळंबच्या पुढे हायवेवर माझे मालक गेले. संध्याकाळी औषध फवारायचा पंप दुरुस्त करायला टाकून परत येत होते, मागून टेम्पोने उडवलं. मी सव्वीस वर्षांची होते, लेक तीन वर्षांची.

मी रडले नाही. मुद्दाम नाही, आलंच नाही. बायका माझ्या गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे, जणू त्यांच्याच घरचं कोणी गेलंय. "तिला रडवा गं, न्हाईतर येड लागंल," असं म्हणून एका म्हातारीने माझ्या गालावर दोन चापट्याही मारल्या. त्या नीट लागल्यासुद्धा नाहीत. त्या महिन्यात तव्यावर बोटं भाजली ती मला वासावरून कळली. जेवण व्हायचं, भांडी व्हायची, लेकीची वेणी व्हायची. सगळं मीच करत होते, पण कोणीतरी दुसरीच बाई करतेय आणि मी बघतेय असं ते होतं.

चार महिन्यांनी निरगुडसरहून माझा भाऊ आला. तो वाईट माणूस नाही. ओसरीत बसून त्याने सरळ सांगितलं, एक स्थळ आहे, बायको वारलेली, दोन मुलं आहेत, शेती चांगली. माझ्या लेकीचं काय, हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे बाईचं दुसरं लग्न होतं तेव्हा मूल बापाच्या घरी राहतं. बाई जाते. पुढे सणाला येऊन भेटते, मग तेही हळूहळू बंद होतं. माझ्या एका मावशीचं तसंच झालं होतं.

मला लेक हवी होती का? हवी होती. पण आपला रक्तगट जसा माहीत असतो, तसं ते मला नुसतं माहीत होतं. आत काही हलत नव्हतं. भाऊ बोलत होता आणि मी त्याच्या चहाच्या कपावरची माशी बघत होते. आत्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मामा म्हणाले, "बघू," आणि उठून गोठ्यात गेले.

पुढच्या आठवड्यात बैल दावं तोडून सुटला. मामा वरच्या रानात होते, आत्या लेकीला घेऊन शेजारी गेल्या होत्या, घरी मी एकटी. लाखमोलाचं जनावर हायवेकडे निघालं म्हटल्यावर मी पदर खोचला आणि मागे पळाले. कॅनॉलच्या कडेने, पूल ओलांडून, पार पलीकडच्या वस्तीपर्यंत. तिथे तो एका बांधावर गवत खायला थांबला आणि मी त्याची वेसण धरली. परत येताना मामा समोरून धापा टाकत आले. त्यांनी आधी बैलाचे पाय बघितले. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मला दम लागला नव्हता. म्हणजे लागला असणार, पण मला जाणवत नव्हता.

त्या दिवशी जेवताना मामा आत्यांना म्हणाले, "हिच्यात पळ हाय."

आत्या म्हणाल्या, "कुणात?"

"सुनंत. बारावी झालीया ना तिची? पोलीस भरतीत बायांना पळाया लावत्यात म्हणं."

आत्यांचा घास हातातच राहिला. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

भावाने एक भरती बघायची तयारी दाखवली. "नोकरी लागली तर पोरगी घेऊन रहा कुठंबी, मी आडवा येणार न्हाई. नाय लागली तर मी म्हणंल ते ऐकायचं," असं म्हणाला. मंचरला अकॅडमी होती, जिमही होती. चार पोरं आरशापुढे दंड फुगवून उभी असायची ती रस्त्यावरून दिसायची. पण विधवा सुनेला तिथे पाठवायची आत्यांची छाती नव्हती, आणि मामांना तर त्या सगळ्याचा तिटकारा. "लोखंड उचलून माणूस हमाल व्हतो. पळायचं तर पळून व्हतं," हे त्यांचं म्हणणं. आपण चाळीस वर्षं पळणारी जनावरं तयार केली, एक सून काय अवघड आहे, असा त्यांचा साधा हिशेब होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा कशाला घ्यायचा?

तेव्हा बैलाचं जे व्हायचं तेच माझं सुरू झालं. सकाळी नदीवर जायचं आणि घोड नदीच्या पाण्यातून मांडीइतक्या खोलीत तासभर चालायचं, प्रवाहाच्या उलट. पाण्यातून चालल्याने जनावराचे सांधे न दुखता पुठ्ठे भरतात. दुपारनंतर नांगरलेल्या रानातून अनवाणी चालायचं, ढेकळांमधून, पाय उचलून. दिवसाआड गावचा घाट. यात्रेशिवाय तो ओसच असतो. खालून वर जीव खाऊन पळायचं, चालत खाली यायचं, पुन्हा पळायचं. तीन बाऱ्या, चौथी नाही. खुराकही तोच, भिजवलेले हरभरे, उडदाचं वाटण, गावरान अंडी आणि तांब्याभर दूध. बैल आणि मी एकाच पाटीतले हरभरे खात होतो. रात्री आत्या कोमट तेलाने माझ्या पिंढऱ्या चोळायच्या. चोळताना त्या बोलायच्या नाहीत, फक्त मधूनच सुस्कारा सोडायच्या.

शहरातली माणसं पहाटे अंधारात पळतात म्हणे. आमच्याकडे ते शक्य नाही, उसात बिबट्या असतो. म्हणून ऊन वर आल्यावर सगळ्या गावादेखत पळायचं. शाळेची गाडी, टोमॅटोचे टेम्पो, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली, सगळे मला बघत जायचे. मी मालकांची ट्रॅक पॅन्ट घालायचे, कमरेला गाठ मारून, वरून त्यांचाच शर्ट. ते घालताना काहीतरी वाटायला हवं असं मला वाटायचं, पण ते फक्त कापड होतं. मागे दहा पावलांवर मामा काठीने उसाची कड बडवत यायचे.

पारावरचे लोक गप्प बसतील तर ते पारावरचे कसले! "यंदा सुनेला जुंपता का काय राव?" असं एकाने विचारलंच.

"तुझी जुंप," मामा म्हणाले, "माझी पळंल."

सगळ्यात मोठा नियम मामांनी पहिल्याच दिवशी आत्यांना सांगितला होता. पळायचं जनावर वेगळं बांधतात. त्याला वासरू जवळ नको, झोपमोड नको, कोणी अंगचटीला यायला नको. म्हणून लेक आत्यांजवळ झोपणार, त्यांच्याच हातून जेवणार, आंघोळही त्याच घालणार.

"पोर आईबिगर कशी ऱ्हाईल?" आत्या म्हणाल्या.

"चार दिस रडंल. मग ऱ्हाईल."

ती चारच दिवस रडली. मी पलीकडच्या खोलीत होते, मला ऐकू यायचं. इथे खरं लिहायचं तर मला ते बरं वाटलं. पोरीकडे बघून काही वाटत नाही याची मला रोज भीती वाटायची, म्हणजे वाटायला हवी हे कळायचं. आता बघायलाच नको. मी कूस बदलून झोपायचे, आणि झोप तर बैलाला लाजवील अशी लागायची.

भरतीच्या आधी चार दिवस मामांनी मला पाऊल उचलू दिलं नाही. शर्यतीच्या आधी बैलाला असंच बसवून ठेवतात, अंगात रग साठते. पुण्याच्या ग्राउंडवर मी छातीवर नंबर लावून उभी राहिले तेव्हा ती रग खरंच साठली होती. आठशे मीटर पळायचं होतं, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. शिट्टी झाली आणि मी सुटले. पहिल्या वळणावर मी एकटी पुढे होते, बाकीच्या मुली इतक्या मागे की कुंपणाबाहेर उभे राहिलेले मामा ओरडायला लागले होते. अर्धी फेरी झाली आणि माझे पाय थांबले. दमले नाहीत, थांबले. घाट जिथे संपतो तिथे बैल आपसूक सैल पडतो, तसे. डोक्यात काहीच नव्हतं. एकेक मुलगी शेजारून गेली. उरलेली दीड फेरी मी चालत-पळत कशीतरी पूर्ण केली. शंभर मीटरला मात्र मी पहिली आले. पण एकूण गुण कमी पडले आणि मी बाहेर.

गावात आमचं हसं झालं. सूनही गेली आणि अब्रूही गेली, असं एक जण मामांच्या तोंडावर म्हणाला. भावाचा फोन आला. त्याने सांत्वन केलं आणि मग पाहुणे कधी येऊ देत ते विचारलं. मला राग आला नाही, लाजही वाटली नाही. मी हरभरे भिजत घालायचे की नाही एवढंच आत्यांना विचारलं.

मामा तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत, बैलाशीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी ओसरीत येऊन बसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. डोळ्यांकडे नाही, पायांकडे बघून, पण माझ्याशी.

"चूक माझी हाय. तुला मी बारीचा बैल केला. बारी संपली तिथं तू थांबली. तुझ्यात खोट न्हाई." मग बराच वेळ तंबाखू मळत बसले. "हितं बारीचं काम न्हवतंच. हितं नांगराचा बैल पायजे व्हता. त्यो काय पळतो का? न्हाई. पर सकाळधरनं सांजपातूर त्याची चाल मोडत न्हाई."

भावाला त्यांनी स्वतः फोन केला. अजून एक भरती मागून घेतली. सासऱ्याने सुनेच्या भावापुढे हात पसरायचे, हे आमच्याकडे होत नाही. भाऊ अवघडला आणि हो म्हणाला, पण ही शेवटची.

घाट बंद झाला. आता कॅनॉल. आमच्या पुलापासून पुढच्या गावच्या पुलापर्यंत जायचं आणि यायचं, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत. तोंड उघडलं की चाल मोडली, मग मामा काठी आपटायचे आणि चालत परत यायचं. पहिल्या महिन्यात मी इतकी हळू पळायचे की सायकलवरून मागे येणाऱ्या मामांचा तोल जायचा. मग दर आठवड्याला ते थोडी चाल वाढवायचे. वाढवायची म्हणजे तोंडाने "हं, हं, हं" असा ठेका धरायचे, औतामागे धरतात तसा, आणि तो ठेका हळूहळू पुढे सरकवायचे. थांबवताना "होऽ हो" म्हणायचे. पाच वर्षांत सासऱ्याच्या तोंडून मला मिळालेली पहिली हाक ती. मीही थांबायचे.

गोळाफेकीसाठी नदीतून एक वाटोळा दगड आणला होता, किराणावाल्याच्या काट्यावर जोखून. तो रानात फेकायचा, चालत जाऊन आणायचा, पुन्हा फेकायचा. दुपारी अभ्यास. लेकीला त्या वर्षी अंगणवाडीत घातलं. सोडायला आत्या, आणायला आत्या. मी कॅनॉलवरून येताना कधीकधी ती अंगणात मातीत खेळत असायची. मी थांबायचे नाही, अंग थंड व्हायच्या आत चालून घ्यायचं असायचं. ती मान वर करून बघायची आणि पुन्हा खेळायला लागायची. किती शहाणी पोर आहे, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. माझ्या अंगावरचं सगळं सैल गेलं. पायऱ्या चढताना आपले पाय आपल्याला ढकलतात असं वाटायला लागलं. येडगाव धरणाजवळ मामांच्या मित्राकडे एकदा बैल बघायला गेलो होतो. तिथल्या बाया मला बघून म्हणाल्या, "खेळाडू हाय का वो ही?" मामा "हाय" म्हणाले आणि छाती पुढे काढून चालायला लागले. मला वाटलं, या माणसासाठी तरी आनंद व्हायला हवा. नाही झाला. पण तसं वाटलं, हेही बरंच होतं.

दुसऱ्या भरतीत पहिल्या वळणावर मी शेवटून तिसरी होते. कुंपणाबाहेरून या वेळी आवाज नव्हता. माझ्या डोक्यात ठेका चालू होता, तोंड मिटलेलं होतं. पहिली फेरी संपताना पुढच्या मुलींची तोंडं उघडायला लागली. मी एकेकीच्या शेजारून गेले, जशा मागच्या वेळी त्या गेल्या होत्या. शेवटच्या वळणावर दोघी राहिल्या होत्या, त्यातली एक मागे पडली. पुरे गुण मिळाले. गोळा बरा गेला. लेखी परीक्षा झाली आणि एका दुपारी मोबाइलवर यादी आली. शेजारच्या पोरीने वाचून दाखवली, मग मी दोनदा वाचली. नाव होतं. मामा गोठ्यात गेले आणि त्यांनी बैलाला गूळ घातला. भावाचा फोन आला, तो रडत होता. "जिंकलीस बाई," म्हणाला, "आता पोरगी तुझीच." मी "हो" म्हटलं.

ट्रेनिंगला जायचा दिवस आला. बरेच महिने तिकडे राहायचं, मग पोस्टिंग, मग क्वार्टर मिळालं की लेकीला घेऊन जायचं, असं सगळं ठरलं होतं. सकाळी सगळे मला सोडायला कळंबला एसटीच्या थांब्यावर आले. मामांनी माझी ट्रंक डोक्यावर आणली होती, मला हात लावू दिला नाही. आत्यांच्या कडेवर लेक होती. आता ती साडेपाचाची झाली होती, कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती, पण त्या तिला सोडत नव्हत्या.

एसटी लांबून दिसली. मी लेकीच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, "जाते हं. लवकर येते तुला न्यायला."

तिने मला नीट टाटा केला. रडली नाही. मग आत्यांच्या हनुवटीला धरून तिने त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "आई, बिस्कीट दे ना."

आत्या एकदम कसनुशा झाल्या. "आगं, मी आजी. आई ही. तुझी आई ही हाय ना?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. आठवून बघावं तसं बघितलं. मग म्हणाली, "न्हाई. ही पळती."

मामांनी ट्रंक गाडीत चढवली आणि ते खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे तोंड करून उभे राहिले. मला बसायला जागा मिळाली, खिडकीची. एसटी हलली तेव्हा आत्या तिचा हात धरून हलवत होत्या आणि ती पुड्यातून बिस्कीट काढत होती.

आधी पोटात बारीक कळ आली. मला वाटलं, सकाळी काही खाल्लं नाही म्हणून असेल. मग ती वर आली आणि छातीत अडकली, आणि माझं तोंड उघडलं. अडीच वर्षांत मला असं दुखलं नव्हतं. मी मोठ्याने रडत होते. शेजारची बाई आधी सरकून बसली, मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. कंडक्टर दोनदा येऊन परत गेला. मला उतरायचं होतं, उतरून मागे पळत जायचं होतं, आणि मला ते जमलंही असतं, एवढं अंतर माझ्यासाठी आता काहीच नव्हतं. पण गेले असते तर तिच्यासमोर पुन्हा पळतच गेले असते. मी बसून राहिले. खेड येईपर्यंत रडत होते. त्यात मालकांसाठीचं किती आणि लेकीसाठीचं किती, ते मला वेगळं करता आलं नाही.